सिंहमुखी किसन

किसनचा हात उकळत्या तेलात होता आणि तो मान वळवून माझ्याशी बोलत होता.

"मावशी, कणीक भल्ली घट्ट झाली नं. जरा पाण्याचा हात लाव."

वैशाखातली नरसिंह जयंती. सूर्य बुडायची वेळ. देवळापुढच्या चुलीवर कढई, कढईत एकच वडा, आणि भोवती सगळं गाव. तो पहिला वडा किसननं नुसत्या हातानं काढून देवापुढं ठेवायचा, मग आम्ही बायांनी बाकीचं तळण सुरू करायचं, अशी त्याच्या गावची रीत. ढोल वाजत होता. लोक जयजयकार करत होते. वडा सरकून कढईच्या पलीकडच्या काठाला लागला होता. किसनची बोटं अलीकडच्या काठाशी, तेलात, तशीच.

वडा एक होता. तळल्याचा आवाज दोन ठिकाणांहून येत होता.

त्याची बायको सुमन चुलीत लाकूड सारायला वाकली होती. तिनं वर पाहिलं, लाकूड टाकलं, आणि दोन्ही हातांनी त्याचं कोपर धरून हात बाहेर ओढला. किसन तिच्यावर खेकसला, "काय करून राहिली वं? एवढ्या लोकांसमोर?" मग त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. दुसऱ्या कुणाची वस्तू चुकून आपल्याकडे आली असावी तसा.

"हे कवा झालं?" तो म्हणाला.

मागच्या लोकांना काहीच दिसलं नव्हतं. ते ओरडतच होते, "शेर आहे शेर!"

किसन आमच्या टोळीचा आचारी. मी त्याच्या हाताखाली लग्नांतून पुऱ्या लाटायचे. त्याचं गाव पारशिवनीच्या पुढं. शेती मोठा भाऊ दामू पाहायचा. किसन नागपुरात आला आणि हुडकेश्वरला घर बांधून राहिला. तेव्हा घरामागं तूर उभी असायची. आता उभ्या आहेत त्या इमारती, थेट बेशापर्यंत.

चुलीपुढं सगळेच आचारी ओरडतात. किसन ओरडायचा नाही, गुरगुरायचा. आवाज घोगरा, छातीतून आल्यासारखा. काम करणाऱ्या पोरींच्या हातात सांडशी किंवा फडकं दिसलं की म्हणायचा, "दस्ती कायले पायजे? लगन तुहं आहे का?" दस्ती म्हणजे रुमाल, लग्नात नवरीच्या हातात असतो तो. स्वतः पातेलं कानांना उघड्या हातांनी धरायचा. पाक झाला का, हे तो बोटं पाकात बुडवून पाहायचा. बिडी पेटवायची तर आगपेटी शोधायचा नाही, चुलीतला निखारा बोटांनी उचलायचा, आणि बिडी पेटल्यावरही निखारा टाकायची घाई नाही. बोलता बोलता हातातच. नवीन आलेल्या बाया तोंडाला पदर लावायच्या. त्याला ते आवडायचं.

"आपल्याले काही होत नाही," हे त्याचं वाक्य. दिवसातून कितीदा म्हणायचा त्याला हिशेब नव्हता. ऊन लागलं का? आपल्याले काही होत नाही. जेवलास का? आपल्याले काही होत नाही. एकदा सुमन म्हणाली, "माणसाले काही तरी व्हावं गा," तर तिच्यावरच हसला.

बेशाच्या एका लग्नात गुलाबजामाचा पाक चुलीवरून उतरवताना पलीकडच्या पोराच्या हातून पातेल्याचा कान सुटला. पोरानं सोडला तेही बरोबरच, कान लालबुंद होता. पातेलं कलंडणार, तर किसननं काठाला दोन्ही पंजे लावले, सगळा भार आपल्यावर घेतला, आणि जागेवर नेऊन ठेवलं. पाकाचा एक थेंब सांडला नाही. नवरीच्या बापानं त्याला तिथंच नारळ दिला. पाहुण्यांनी मोबाईलमध्ये फिल्म काढली आणि ती पुढं आमच्या वस्तीतल्या, म्हणजे लेआउटमधल्या, घराघरात पोचली. दुसऱ्या दिवशी त्याच्या तळहातांवर लिंबाएवढे फोड. सुईनं फोडले, हळद लावली आणि वांगी चिरायला बसला. मी म्हटलं, "आज राहू दे नं गा." तर म्हणे, "मावशी, तुले दुखून राहिलं का?"

मला नव्हतं दुखत. त्यालाही नव्हतं. एवढंच त्यातलं खरं होतं, पण ते तेव्हा कुणाला कळणार?

दुसऱ्या एका लग्नात तो दिवसभर मांडवात फिरला आणि संध्याकाळी सुमनला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले, उजव्या पायाचेच, देवीची पावलं काढावीत तसे स्वैपाकाच्या जागेपासून पंगतीपर्यंत. चपलेतून आरपार खिळा गेला होता. किसननं पकडीनं तो उपसला आणि वऱ्हाडाला दाखवत हिंडला. ती जखम भरली नाही. वर्ष गेलं तरी तळव्याला भोक होतंच. सुमन त्यात कापूस भरायची. कधी सकाळी उठल्यावर अंगठ्याला रक्त दिसायचं. उंदीर कुरतडून गेलेला असायचा. हेही तो हसत सांगायचा. "हिंमत पाय मावशी त्याची. शेराले चावला."

आता शेर हा शब्द त्याला कुणी दिला ते सांगते.

आमच्या लेआउटमध्ये एक मास्तर होते. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. देवळात रोज संध्याकाळी ते काहीतरी सांगत आणि आम्ही बाया ऐकत ऐकत वाती वळत असू. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीला एक शब्द लागायचा, आणि शब्द मिळाला की गोष्ट संपली असं वाटायचं.

रामनवमीच्या भंडाऱ्यात किसनचा सत्कार झाला. ती फिल्म सगळ्यांनी पाहिली होती. मास्तरांनी त्याला शाल घातली, नीट उभं केलं, आणि बाजारात बैल दाखवावा तसा हात करून लोकांना त्याचा चेहरा दाखवला. म्हणाले, शास्त्रात ज्याला सिंहमुखी म्हणतात तो पुरुष हा. कपाळ रुंद आणि त्यावर जाड वळ्या. नाक बसकं, भरदार. गाल जड. कानाच्या पाळ्या लांब आणि मांसल, हे भाग्याचं लक्षण. भुवया विरळ, कारण सिंहाला भुवया नसतात. कातडीवर तेज. आवाज गंभीर. सगळं त्यांनी एकेक करून दाखवलं आणि प्रत्येक गोष्ट किसनच्या तोंडावर होतीच. मग त्यांनी शब्द कुठून आला तेही सांगितलं. मूळ शब्द हिंस, म्हणजे मारणं, इजा करणं. त्यातली अक्षरं इकडची तिकडं झाली आणि सिंह तयार झाला. ज्याचं मुख सिंहाचं, तो सिंहमुखी.

इजा करणारं काहीतरी त्या चेहऱ्यात आहे, हे मास्तर स्वतःच्या तोंडानं सांगून गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आम्हाला त्या चेहऱ्याची बाकीची माहिती होती, पण आम्ही ती दुसरीकडे ठेवलेली. भुवया गेल्या त्या चुलीच्या धगीनं, असं आम्ही धरून चाललो होतो. आवाज घोगरा झाला तो धुरानं. नाक कायम चोंदलेलं. फोडणी जळली तरी त्याला वास येत नसे, म्हणून "मावशी, वास पाय नं" म्हणून मला बोलवायचा. ती सर्दी. कातडी चमकायची ती तेलाच्या वाफेनं. प्रत्येक गोष्टीला एक कारण होतं आणि सगळी कारणं चुलीपाशीच होती. आचारी माणूस, दुसरं काय असणार?

सत्कारानंतर किसननं केस वाढवले. मागं वळवून, मानेपर्यंत. सिंह म्हटलं तर आयाळ पाहिजे. आरशापुढं उभा राहायचा. सुमन त्याच्या लग्नातला फोटो काढून मला दाखवायची. त्यात एक बारीक नाकाचा, दाट भुवयांचा, घाबरलेला मुलगा होता.

"हा कुठं गेला वं मावशी?" ती म्हणायची. "मी याच्यासंगं लगन केलं होतं."

"वय झालं त्याचं."

"वय तर माहंही झालं. माहं नाक हललं का जागचं?"

मी फोटो तिला परत दिला. 

कढईची रीत त्याच्या घराण्याची. प्रल्हादाला आगीनं जाळलं नाही, म्हणून नरसिंहाच्या भक्ताला तेल भाजत नाही, असं गाव मानायचं. किसनच्या आधी त्याचा बाप काढायचा. सुमननं नवी नवरी असताना सासऱ्याला पाहिलेलं. म्हातारा सकाळपासून कुणाशी बोलायचा नाही. दुपारभर हात थंड ताकात घालून बसायचा. मग बेसनाच्या घोलात बुडवून, एका झटक्यात, वड्याच्या खालून बोटं नेऊन तो बाहेर उडवायचा. आणि आत जाऊन पुन्हा ताकात हात घालून, दात आवळून, डोळ्यांतून पाणी काढायचा. दरवर्षी. त्याला भाजत होतं म्हणून त्यानं युक्ती शिकली होती.

किसननं ताकही सोडलं आणि घोलही सोडला. त्याला गरज नव्हती. गावानं म्हटलं, बापापेक्षा पोरगा सवाई निघाला.

म्हणून त्या दिवशी तो कढईत हात घालून मला कणकेचं सांगत होता.

नागपूरला सरकारी दवाखान्यात त्याची दोन बोटं काढावी लागली. हाताला पट्ट्या बांधून तो खाटेवर बसायचा आणि शेजारचे भाजलेले लोक रात्रंदिवस कण्हत असायचे. हा त्यांना धीर द्यायचा. "मन घट्ट करा गा. दुखणं मनाचं राहते." जखम बांधणाऱ्या डॉक्टरानं पट्टी काढताना त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि कातडीच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली. किसनला वाटलं, त्याची हिंमत पाहून पुढं पाठवत आहेत.

त्या दिवशी सुमनबरोबर मीही गेले होते. कातडीची डॉक्टर तरुण मुलगी होती, बारीक, चष्मा लावलेली. तिनं त्याचा शर्ट काढायला लावला, कानाच्या पाळ्या दाबून पाहिल्या, कोपराच्या मागं बोटानं काहीतरी चाचपलं. मग कापसाची एक बारीक वात केली.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "मी शिवलं की जिथं शिवलं तिथं बोट ठेवायचं."

"जी मॅडम."

किसन डोळे मिटून बसला. पाठ ताठ, मान वर, मागं वळवलेले केस. कुणी फोटो काढत असावं तसा. तिनं कापूस त्याच्या हातावर फिरवला. मग दुसऱ्या हातावर. मग नडगीवर, पावलावर. कापूस ठेवून टाचणी घेतली आणि तिचं टोक टेकवलं. एकदा, दोनदा. पुन्हा वर जाऊन दंडावर, गालावर.  सुमननं माझा हात धरला होता आणि तिची नखं मला रुतत होती.

बऱ्याच वेळानं किसन डोळे न उघडता म्हणाला, "करा नं सुरू, मॅडम. मी केव्हाचा बसून राहिलो."

डॉक्टरनं टाचणी ट्रेमध्ये ठेवली.

मग तिनं सांगितलं. कुष्ठरोग. बरीच वर्षं अंगात आहे. नसा मेल्यात, म्हणून भाजलेलं कळत नाही, टोचलेलं कळत नाही. औषध आहे, फुकट आहे, रोग पूर्ण जाईल. मेलेल्या नसा मात्र परत येतीलच असं नाही. औषध सुरू झाल्यावर त्याच्यापासून कुणाला धोका नाही. जेवणातून तर हा रोग पसरतच नाही. घरच्यांची तपासणी करून घ्या.

"महारोग?" किसन म्हणाला. "मले?"

"हो."

"मॅडम, मले तर काही होत नाही."

"तोच रोग आहे, काका."

हे मी आजपर्यंत ऐकलेलं सगळ्यात छोटं भाषण.  किसननं विचारलं, "आणि हा चेहरा? आमचे मास्तर म्हणते का हा सिंहमुखी आहे."

डॉक्टरनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. म्हणाली, "आमच्या पुस्तकातही तेच लिहिलंय. या रोगात कातडी जाड होऊन चेहरा असा झाला की त्याला सिंहासारखा चेहरा म्हणतात. फार जुनं नाव आहे."

किसननं वळून आमच्याकडे पाहिलं. देवाची शपथ घेऊन सांगते, त्याच्या डोळ्यांत अभिमान होता.

"पाह्यलं?" तो म्हणाला. "पुस्तकात आहे."

सुमनची तपासणी झाली, माझीही झाली. काही निघालं नाही. लेआउटमध्ये मात्र ज्यानं त्यानं स्वतःच स्वतःला तपासलं. ज्यांनी वर्षानुवर्षं किसनच्या हातचा मसालेभात दोन दोन वेळा मागून घेतला होता, ते अंगावरचे डाग मोजत बसले. किसनला कामं यायची बंद झाली. आमची टोळी मोडली. तेव्हा त्या फिल्मची आठवण कुणी काढत नसे. काढली तर एवढ्यासाठी की, तो पाक आपण खाल्ला होता का.

मास्तर आले, पण फाटकाबाहेर उभे राहिले. म्हणाले, "किसनराव, मी तो शब्द वेगळ्या अर्थानं वापरला होता."

किसन ओट्यावरून म्हणाला, "नाही मास्तर. तुमचा शब्द बरोबर होता. डॉक्टरनं पुस्तकातून काढून दाखवला. या नं, बसा."

मास्तर बसले नाहीत. घाईत होते.

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या दिवशी लघवी लाल झाली तेव्हा तो घाबरला. सिंहाला घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मग कातडी काळवंडली, आणि हळूहळू चेहरा उतरू लागला. कपाळाच्या वळ्या बसल्या, गाल आत गेले, कान साधे कान झाले. रोज आरशात पाहून तो उदास होत चालला. एक दिवस मी गेले तर गोळ्यांचा पत्ता खिडकीत तसाच पडलेला, आणि सुमन त्याच्यासमोर कमरेला पदर खोचून उभी.

"विचार यायले, काहून नाही घेत," ती मला म्हणाली.

किसन भिंतीकडे पाहत म्हणाला, "मावशी, या गोळ्यांनं माणूस मांजर होते. पाय माहं तोंड. कोणी ओळखते का?"

"मी ओळखते," सुमन म्हणाली. "लगनातलं तोंड वापस येऊन राहिलं. आणि मांजर तर मांजर व्हा. मांजरीले चटका समजते."

त्यानं गोळ्या घेतल्या. तिच्या बोलण्यानं घेतल्या असं मी म्हणणार नाही. ती समोरून हललीच नाही, म्हणून घेतल्या.

पुढच्या वैशाखाच्या तोंडावर दामू आला. रस घेतला, उन्हाळ्याच्या, पिकाच्या गोष्टी झाल्या. मग म्हणाला, "जयंतीले येतेस नं गा? गावाचं म्हणणं आहे, रीत मोडू नये."

सुमन म्हणाली, "भाऊजी, हात पाह्यला का यांचा?"

"पाह्यला नं. डावा आहे अजून."

हे तो वाईट मनानं म्हणाला नाही. त्याच्या हिशेबानं हात दोन असतात.

सुमननं त्याला रोगाचं नाव स्पष्ट सांगितलं. गावाला ते आधीच माहीत होतं. गावानं त्यावर मार्गही काढला होता. प्रसाद या वेळी दुसरा आचारी करणार. किसनच्या हातचं कुणी खाणार नव्हतं. पण पहिला वडा काढायला हात त्याचाच पाहिजे होता, कारण त्याच हातावर देवाची कृपा होती. तो वडा मग देवळामागं पुरायचा. इतकं सगळं त्यांनी बसून ठरवलं होतं.

मला वाटलं किसन नाही म्हणेल. किसन उठून आरशापुढं गेला. काळवंडलेल्या, उतरलेल्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "येतो."

 जयंतीच्या दिवशी गावात पोचल्यावर सुमननं जावेकडून एक मडकं ताक मागून घेतलं.

दुपारभर ती देवळाच्या सावलीत मडक्यात हात घालून बसली होती. मी शेजारी. कुणी विचारलं तर म्हणायची, आग होऊन राहिली हाताची. दिवस कलला. चूल पेटली. तेल तापलं. दामूनं स्वतः वडा थापून कढईत सोडला. ढोल सुरू झाला. किसन पुढं आला. त्यानं डाव्या हाताची बाही वर केली. माझं लक्ष त्याच्या तोंडाकडे होतं. त्यात भीती शोधत होते, आणि भीती नव्हती. भीती यायला आधी काहीतरी दुखावं लागतं.

तेवढ्यात सुमन मधे घुसली. हात बेसनाच्या घोलात बुडवलेला. तिनं कढईत बोटं घातली, वडा खालून उडवला, तो परातीत पडला, आणि ती जिवाच्या आकांतानं ओरडली.

"मेले वं माय! मेले!"

ढोल थांबला. गावाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं की तेल गरम असतं.

दामूच्या तोंडातून एवढंच निघालं, "बाईनं काढला?"

सुमननं हात पुन्हा ताकात घातला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक वाहत होतं, आणि ती ओरडतच बोलली. "हाव, बाईनं काढला! जिले भाजते तिनं काढला! ज्याले भाजतच नाही, त्यानं काय दिलं होतं देवाले इतके दिवस?"

 त्या दुसऱ्या आचाऱ्यानं इकडंतिकडं पाहिलं, झारा उचलला आणि तळण सुरू केलं. लोक जेवायचे होते.

किसन खाली बसला. त्यानं तिचा हात ताकातून वर उचलून पाहिला. बोटांवर फोड उठत होते. ते त्यानं आपल्या उरलेल्या बोटांनी चाचपले नाहीत, नुसते पाहिले.

"लय दुखते का वं?" तो म्हणाला.

इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यानं हे कुणालाही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"हाव," ती म्हणाली. "भल्लं दुखते."

"कसं?"

ती सांगत होती आणि तो ऐकत होता, परगावाहून आलेल्या माणसाकडून तिकडची हकीकत ऐकावी तसा.

त्यानंतर त्या गावात पहिला वडा झाऱ्यानं काढतात. देवानं तक्रार केलेली नाही.

परवा मी त्यांच्या घरी गेले होते. गोळ्या केव्हाच संपल्या, रोग गेला. किसन ओट्यावर बसला होता. केस बारीक कापलेले. पायात ते काळ्या मऊ रबराचे सँडल, दवाखान्यातून मिळतात ते. समोर छोटा आरसा ठेवून एकेक तळवा त्यात पाहत होता. रोज संध्याकाळी पाहतो. कुठं काही लागलं असेल तर डोळ्यांनाच कळणार, बाकी कुणी सांगत नाही. भुवया परत आल्या नाहीत. बाकी तोंड त्या फोटोतल्या मुलाचं झालं आहे, तसंच घाबरट.

सुमननं चहा आणला. त्यानं खांद्यावरची दस्ती काढली, चार घड्या केल्या, त्यात कप धरला. तोंडाला लावला नाही. कपाकडे पाहत बसला.

मी म्हटलं, "पी नं गा. थंड झाला."

"थांब मावशी. वाफ दिसून राहिली."

आम्ही थांबलो. सुमनच्या बोटांवर पांढरे डाग राहिले आहेत. ती लाडू करताना दिसतात. मास्तर मागच्या थंडीत गेले. दामू त्याच्या आधी, छातीत कळ येऊन. दुखतं म्हणून सांगितलंही नाही.

वाफ गेली. किसन चहा प्यायला.

किसन आहे. सुमन आहे.